अठ्ठेचाळीस चौकोन आणि दोन अर्धे

(मालवण तालुक्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

हा कार्डिगन पुढच्या रांगेतून मागे जाऊ दे. फक्त खांद्याला धरून लटकवू नका. दोन्ही हातांवर आडवा घ्या, बाळ घेतात तसा. का, ते पुढे येईलच.

आधीच सांगते, मी काही कलाकार नाही. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि क्रोशा आईकडून आला, तुमच्यापैकी निम्म्याजणींना आला असेल तसाच. समोर बसलेल्या बायकांमध्ये ताटावरचा रुमाल किंवा दाराचं तोरण ज्यांनी केलं नाही अशा दोन-चार जणीच निघतील. तेव्हा साखळी कशी घालायची हे मी शिकवणार नाही. चौकोन तुम्हाला येतोच. अडतं ते पुढे, चौकोन जोडून कार्डिगन करताना.

पहिला प्रश्न मला नेहमी एकच येतो, की बाई, या घामाच्या गावात कार्डिगन कशाला? खरं आहे, लोकरीचा इथे कोणी घालणार नाही. मी सुती दोऱ्याचा करते. आणि सुती कार्डिगनला इथे काम आहे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतार बघायला आपण रात्रभर देवळासमोर उघड्यावर बसतो. राजाची एंट्री होईपर्यंत ठीक असतं, पहाटे शेवटचं युद्ध चालू असताना पदर कानावरून घ्यावा लागतो. शिवाय मुलं पुण्याला, बंगळुरूला एसीत बसून कुडकुडतात ती वेगळीच.

चौकोन ही गोष्ट काही नवी नाही. अमेरिकेत ज्याला ग्रॅनी स्क्वेअर म्हणतात, त्याची छापील कृती १८८५ साली तिथल्या एका शेतीच्या नियतकालिकात आलेली सापडते. उरलासुरला दोरा संपवायची ती युक्ती. २०२० मध्ये हॅरी स्टाइल्स या गायकानं रंगीत तुकड्यांचा एक कार्डिगन घातला आणि जगभरच्या मुली घरबसल्या तसाच करायला लागल्या. डिझायनर जोनाथन अँडरसननं त्याची कृती सगळ्यांसाठी फुकट दिली, आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं तसा एक कार्डिगन संग्रहात घेतला. आता गंमत अशी, की तो क्रोशाचा नव्हताच. दोन सुयांवर विणलेला होता. माझ्या भाचीनं मला त्याचा फोटो दाखवून ‘मावशी, क्रोशाचा असाच करून दे’ म्हटलं, आणि मी या फंदात पडले.

आता हिशेब. फळ्यावर लिहिते, सवय जात नाही.

छाती ३८ इंच धरा. कार्डिगन अंगाला चिकटून चालत नाही, सहा इंच सैल हवा, म्हणजे घेर ४४. साडेपाच इंचांचा चौकोन घेतला की आठ चौकोनांत घेर पुरा होतो. पाठीला चार, पुढच्या दोन पाख्यांना दोन-दोन. उंचीला चार ओळी, २२ इंच. अंगाचे झाले ३२. बाहीला घेरात तीन, लांबीत तीन, म्हणजे नऊ. दोन बाह्यांचे अठरा. एकूण पन्नास. त्यातले गळ्यापाशी येणारे दोन चौकोन आपण अर्धे, त्रिकोणी करणार आहोत. म्हणून ४८ आणि दोन अर्धे.

पांढरा-निळा, पांढरा-निळा असा बुद्धिबळासारखा पट मांडायचा. आठ ही सम संख्या, त्यामुळे पुढे बटणपट्टीशी पहिला आणि आठवा स्तंभ समोरासमोर येतात तेव्हा एक पांढरा आणि एक निळा असतो. पट तुटत नाही. खांद्यावर पाठ आणि पुढचा भाग जुळतो तिथेही, तुम्ही कागदावर मांडून बघा, प्रत्येक ठिकाणी उलट रंगच येतो. मी काही केलेलं नाही, ते सम संख्येचं देणं आहे.

बाहीत मात्र घात होतो. तीन विषम. गोल फिरून शिवणीवर आलात की पांढऱ्याला पांढरा भिडतो. चार घ्यावेत तर बाही २२ इंचांची होते, नमनाला उभ्या राहिलेल्या गणपतीच्या झग्यासारखी. मी बराच विचार केला आणि मग ती शिवण बगलेखाली घेतली. हात खाली असला की दिसत नाही. दुसरी तडजोड खांद्यापाशी. बगलेसाठी वरून दीड चौकोन उघडा ठेवायचा, सव्वाआठ इंच. पुढचे-मागचे मिळून साडेसोळा, म्हणजे बरोबर बाहीचे तीन चौकोन. पण त्यातला मधला चौकोन खांद्यावर बसतो, अर्धा पुढे, अर्धा मागे. त्यामुळे तिथे पट अर्ध्या घरानं सरकतो. बुद्धिबळाचा नियम बाहीला लावायला गेलात तर रडाल. सरकू दे.

एका बाहीत पाच पांढरे चार निळे, दुसरीत उलट. म्हणजे सगळे मिळून दोन्ही रंगांचे २४-२४ आणि एक-एक अर्धा.

चौकोनाबद्दल थोडंसंच. जाळीचा नको, भरीव घ्या. जाळीतून आतलं ब्लाउज दिसतं आणि पट उठून दिसत नाही. पहिल्या घेरात, म्हणजे मधून सुरू होणाऱ्या पहिल्या फेरीत, बाजूला तीन खांब (उंच टाके), कोपऱ्यात दोन साखळ्या. पुढे प्रत्येक कोपऱ्यात दोन खांब, दोन साखळ्या, दोन खांब. दर घेराला बाजूत चार खांब वाढतात: ३, ७, ११, १५, १९, २३. सहाव्या घेरात २३ आले की थांबा. माझ्या हाताला, ४ मिलिमीटरच्या सुईवर, इंचाला साधारण चार खांब बसतात, म्हणून २३ खांब साडेपाच इंचांत येतात. तुमचा हात वेगळा असेल. पहिला चौकोन करून मोजा, मग हिशेब मांडा. आणि दर घेरानंतर काम उलटून विणा. एकाच अंगानं गोल गोल विणत गेलं की भरीव चौकोन थोडा फिरतो, पतंगासारखा तिरपा होतो.

मोबाइलवर कृती बघणाऱ्यांसाठी एक सूचना. अमेरिकन कृतीतला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब, आणि ब्रिटिश कृतीतला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब. शब्द तोच, उंची निम्मी. कृती कुठली आहे ते आधी बघा. आपले खांब आणि मुका खांब बरे, त्यात घोटाळा नाही.

आता माझी फजिती सांगते. भाचीचा पहिला कार्डिगन केला तेव्हा पांढरे सगळे चौकोन पावसाळ्यात केले, आणि निळे दिवाळीनंतर. मध्ये दोन महिने हातात सुई नव्हती. सगळ्यांचे बाजूचे खांब मोजले, २३. अंगाचा भाग जोडला. घेराला टेप लावली, प्रत्येक ओळ ४५ इंच. उंची सगळीकडे साडेबावीस. मी खूश. म्हटलं, एखाद इंच इकडेतिकडे. आणि जमिनीवर पसरून बघते तर पांढरे चौकोन मधोमध फुगलेले, ऊन लागलेल्या पापडासारखे. निळे ताठ.

दुसऱ्या दिवशी उमगलं. पावसात माझा हात सैल होता, पांढरा चौकोन पावणेसहा झाला होता. निळा साडेपाच. पटात प्रत्येक ओळीत चार पांढरे आणि चार निळे, म्हणून प्रत्येक ओळीची बेरीज सारखीच येते! प्रत्येक स्तंभाची दोन-दोन, तीही सारखी. टेप खोटं बोलत नव्हती, पण मी तिला चुकीचा प्रश्न विचारत होते. बेरीज बरोबर आली आणि प्रत्येक सांध्यावर पाव इंच कोंबला गेला. मी हेच पोरांच्या वहीत लाल पेनानं लिहायची, ‘उत्तर बरोबर, रीत चूक’. बत्तीस चौकोन उसवले. तेव्हापासून एक पांढरा, एक निळा असे आलटून पालटून करते, आणि जोडायच्या आधी एकावर एक ठेवून कोपरे जुळवते. कार्डिगन सांध्यात होतो, चौकोनात नाही, असं मी भाचीला सांगते ते यावरून.

जुळवल्यावर पाणी मारून ताणून वाळवायचे. पुस्तकात टाचण्या लावा म्हणतात. आपल्याकडे खारा वारा. मी टाचण्या लावल्या, त्यात दोन दिवस पावसाची झड, आणि चार पांढऱ्या चौकोनांच्या कोपऱ्यांवर गंजाचे तांबूस ठिपके. ते गेले नाहीत, ते चौकोन बगलेत घातले. आता सुताराकडून एक पाट करून घेतलाय, साडेपाच इंचांवर चार बांबूच्या खुंट्या. एकावर एक आठ-दहा चौकोन बसतात. आणि मोठा भाग ताणायला माडाचे हीर. झावळीचे सरळ, सुके हीर पुसून काठाच्या टाक्यांतून ओवायचे. स्टीलच्या तारा विकत मिळतात म्हणे, पण परसातले हीर गंजत नाहीत.

जोडताना मी सुई-दोऱ्यानं शिवते, दोन्ही चौकोनांच्या टाक्यांचा फक्त मागचा पदर घेऊन. सांधा सपाट बसतो. क्रोशानं जोडला तर उंचवटा येतो, तो काहींना आवडतो, मला पाठीला टोचतो. आधी सगळे आडवे सांधे एका दमात, मग सगळे उभे. चार कोपरे जिथे मिळतात तिथे भोक राहतं, त्यावरून एक टाका जास्त.

गवंडी चिरे लावताना सांधमोड करतो, खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ देत नाही. एकदा आमच्याकडे कंपाउंडचं काम चालू असताना त्या गवंड्यानं माझा पट बघून मान हलवली, ‘सांध्यावर सांधा? भिंत फाटेल.’ भिंतीचं बरोबर आहे. इथे मात्र मला सरळ सांधाच हवा. सुती दोरा स्वतःच्या वजनानं ओघळतो. मानेपासून खालपर्यंत सलग गेलेली शिवण त्याला दोरीसारखी धरून ठेवते.

आणि शेजारच्या रापणवाल्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या, काकांनी मला दुसरी बाजू दाखवली. सिंधुदुर्गात मध्यंतरी ट्रॉलरच्या जाळ्यासाठी ४० मिलिमीटर चौकोनी आसाचा, म्हणजे जाळ्याच्या भोकाचा, बराच प्रचार झाला, आठवत असेल. नेहमीचा आस शंकरपाळ्यासारखा, ओढ बसली की मिटतो आणि बारीक पिल्लंसुद्धा आत अडकतात. चौकोनी आस उघडा राहतो, पिल्लं निसटतात. काकांनी जाळ्याचा तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘बाईनु, हो आस ओढल्यार मिटणा नाय.’ मी घरी येऊन कार्डिगन आधी सरळ धरला, मग कोपऱ्यातून. कोपऱ्यातून धरला की प्रत्येक चौकोनाचा शंकरपाळा झाला आणि लांबी बघता बघता वाढली. म्हणून तो लटकवू नका म्हटलं. दांडीवर वाळत घालू नका, हँगरला लावू नका. खाटेवर चादर घालून पसरा. गडद निळा दोरा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, रंग सोडत असेल तर परत करा.

काठ सांगण्यासारखा नाही. पुढे आणि गळ्याला दीड इंच मुक्या खांबांची पट्टी. मनगटाला ६९ टाके असतात, दोन-दोनचा एक करत गेलं की ३५ उरतात आणि बाही हातावर थांबते. बटणं करवंटीची लावलीत, पाच. मुक्या खांबांच्या फटीतून जातात, वेगळी काजं लागत नाहीत.

मागच्या ताईंनी विचारलं, विकायचा झाला तर किती घ्यायचे. माझा एक चौकोन ४० मिनिटांचा. सगळ्यांचे जवळजवळ ३३ तास, ताणणं, जोडणं आणि काठ मिळून आणखी वीस. दोरा ६७० ग्रॅम, आठशे रुपये. तासाला पन्नास लावले तरी साडेतीन हजारांच्या आसपास जातं. आठवडी बाजारात मी एकदा ठेवून बघितला, सातशेला मागितला. आंध्रातल्या नरसापूरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घरात बसून क्रोशाची लेस करतात, २०२४ मध्ये त्या लेसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला. त्यांना तासाला काय पडतं, हा प्रश्न त्यांच्यापुढेही आहे. क्रोशाचं काम हातानंच होतं, त्यामुळे सातशेचा कार्डिगन कुठे दिसला तर त्यातले पन्नास तास कोणाचे, एवढं विचारून बघा.

मी विकत नाही. रापणवाल्या काकांच्या बायकोनं मात्र एक सांगितलाय, हिरवा आणि पांढरा, जत्रेला नेण्यासाठी. बदल्यात पाऊसभर पुरतील एवढे सुके बांगडे. बांगडे मे महिन्यातच आले आणि संपत आले. माझी अजून एक बाही बाकी आहे, पाच हिरव्यांची.