द की हेट? डच भाषेतलं नामांचं लिंग

श्रोतेहो, नमस्कार.

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी नेदरलँड्सला गेलेली मराठी मंडळी डच शिकायला बसतात, तेव्हा पहिल्याच धड्यात नामाआधी येणारे, इंग्रजी 'the'सारखे दोन छोटे शब्द भेटतात, 'द' आणि 'हेट'. टेबल म्हणजे 'द ताफल', घर म्हणजे 'हेट हाउस'. प्रत्येक नामाला या दोनपैकी एक ठरलेला. आपल्याला वाटतं, यात अवघड ते काय? आपण तो, ती, ते अशी तीन लिंगं लहानपणापासून बोलतो, इथे तर दोनच आहेत. पुढे भाषा येऊ लागते. बाजारहाट, डॉक्टर, शेजारीपाजारी सगळं डचमध्ये निभावतं. पण 'द की हेट' हा प्रश्न काही पाठ सोडत नाही. हा दोष शिकणाऱ्याच्या आळसाचा नाही, असं माझं ठाम मत आहे. अडचण त्या भाषेच्या घडणीतच आहे.

आपल्याकडे पाहा. वाडा पडला, भिंत पडली, घर पडलं. नुसतं क्रियापद ऐकलं तरी लिंग कळतं. माझा मोठा वाडा, माझी मोठी भिंत, माझं मोठं घर. एकाच वाक्यात लिंगाची खूण तीन-तीनदा कानावर पडते आणि मूल ती आपसूक उचलतं. डच क्रियापद याबाबतीत काहीच सांगत नाही. घर पडो की भिंत पडो, क्रियापद तेच. 'माझा, माझी, माझं' या तिन्हींना 'मेइन' हा एकच शब्द. 'एक घर', 'एक भिंत' म्हणायचं तर दोन्हीकडे 'अन'. अनेकवचन झालं की सरसकट 'द', म्हणजे 'हेट हाउस' पण 'द हाउझन'. त्यात भरभर बोलताना 'हेट'चं नुसतं 'अट' होतं आणि नवख्या कानाला ते ऐकूही येत नाही. ढोबळमानाने चारातली तीन नामं 'द'ची. थोडक्यात, कानावर पुरावाच कमी पडतो, आणि जो पडतो तो 'द'कडे झुकलेला.

म्हणूनच डच आईबापांची मुलंसुद्धा सहा-सात वर्षांची होईपर्यंत, कधी त्यानंतरही, 'हेट'च्या जागी 'द' म्हणत राहतात. भाषेच्या अभ्यासकांनी हे वारंवार नोंदवलं आहे. शेजारच्या जर्मनीत तीन लिंगं आहेत, तरी तिथली मुलं ती याहून लवकर आत्मसात करतात.

मग सगळीकडे 'द'च म्हटलं तर? तसं करता येत नाही, कारण रोजच्या तोंडातले कितीतरी शब्द नेमके 'हेट'चे आहेत. मूल, घर, वर्ष, काम, पाणी, पाव, पैसा, पुस्तक, खिडकी, हे सगळे 'हेट'. आणि लिंग त्या एका शब्दावर थांबत नाही. 'हे घर' म्हणजे 'दिट हाउस', पण 'हे शहर' म्हणजे 'देझे स्टाट'. 'आमचं घर' हे 'ऑन्स हाउस', 'आमचं शहर' मात्र 'ऑन्झे स्टाट'. 'जे' या संबंधी सर्वनामासाठी घराला 'दाट', शहराला 'दी'. विशेषणाची तर आणखी वेगळी तऱ्हा. मोठं म्हणजे 'ख्रोट'. त्याला बहुतेक ठिकाणी शेवटी एक पुसट स्वर चिकटतो, 'अन ख्रोटे स्टाट', 'हेट ख्रोटे हाउस'. पण 'अन' आणि 'हेट'चं नाम एकत्र आले की तो स्वर गळतो, 'अन ख्रोट हाउस'. लिंग एकदा चुकलं की चूक अशी वाक्यभर पसरते.

हे असं का झालं? मध्ययुगीन डचमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं होती, विभक्तीप्रत्ययही होते. हेग शहराचं डच नाव 'देन हाख', त्यातला 'देन' हा त्या जुन्या विभक्तीचा अवशेष. उत्तरेकडच्या बोलण्यात पुढे पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एकमेकांत मिसळून गेली. त्या दोन्हींना मिळून 'द' उरला, नपुंसकलिंगाचा 'हेट' वेगळा राहिला. लिहिणाऱ्यांची इतकी पंचाईत होऊ लागली की १७०० साली दाव्हिद फान होखस्ट्रातन यांनी नामांच्या लिंगांची यादीच छापली. त्यासाठी त्यांनी होफ्ट आणि फोंडल या मागच्या पिढ्यांतल्या कवींचं लेखन प्रमाण धरलं. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी खुद्द डच माणसालाही यादी उघडून पाहावी लागत होती! आजही उत्तरेत गाईबद्दल बोलताना 'तो दूध देतो' असं सहज म्हटलं जातं. बेल्जियमच्या फ्लँडर्समधल्या बोलींनी मात्र तिन्ही लिंगं बऱ्याच अंशी टिकवली आहेत. आणि डचमधूनच घडलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या आफ्रिकान्स भाषेने लिंगभेद मोडीत काढून सगळ्यांना एकच 'दी' ठेवला.

काही नियम खरोखर हाताशी येतात. जोडशब्दाचं लिंग शेवटच्या घटकाचं. 'द स्टाट' आणि 'हेट हाउस' मिळून नगरभवन, 'हेट स्टाटहाउस'. भाषांची आणि धातूंची नावं 'हेट'ची. सर्वांत भरवशाचा नियम लघुत्वाचा. नामाला 'ये' हा लघुत्वाचा प्रत्यय लागला की ते हटकून 'हेट' होतं. म्हणूनच मुलगी, 'मेइश्ये', हा शब्द नपुंसकलिंगी आहे. इंग्रजीतून डच शिकणाऱ्याला हे विचित्र वाटतं. आपल्याला वाटायचं कारण नाही. वासरू, कोकरू, पिल्लू, लेकरू ही सगळी 'ते'च आहेत. मालवणीत तर मुलीला 'चेडू' म्हणतात आणि 'ता चेडू' असंच बोलतात. गोव्याच्या कोंकणीतही 'तें चेडूं'. वेंगुर्ल्याच्या माणसाला 'हेट मेइश्ये' समजावून सांगावं लागत नाही.

पण नियम संपले की पुढे पाठांतरच. 'द बाल' म्हणजे खेळायचा चेंडू, 'हेट बाल' म्हणजे नृत्याचा समारंभ. 'द ब्लिक' म्हणजे नजर, 'हेट ब्लिक' म्हणजे पत्र्याचा डबा.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. स्थलांतरित कुटुंबांतली, तिथेच जन्मलेली तरुण मुलं 'ती मुलगी' म्हणताना 'दाट मेइश्ये'ऐवजी 'दी मेइश्ये' म्हणतात, आणि तेवढ्यावरून त्यांना परकं ठरवणारे लोक भेटतात. त्या वाक्याचा अर्थ कळायला कुणालाही अडचण येत नाही. जी चूक डच घरातल्या पोराला लाडाने माफ होते, ती यांच्या नावावर मात्र कायमची लिहिली जाते. हे न्यायाचं नाही.

शिकणाऱ्यांना एवढंच सांगेन की मराठीतलं लिंग डच शब्दावर लादू नका. आपली खिडकी 'ती' आहे, त्यांची 'हेट'. वहीत नुसतं 'राम', म्हणजे खिडकी, असं लिहू नका. 'हेट राम, दिट राम, अन ख्रोट राम' अशी तिन्ही रूपं एका ओळीत लिहा आणि मोठ्याने म्हणा. बोलताना अडलात तर 'द' म्हणून पुढे चला, वाक्य मात्र अर्धवट सोडू नका.

नमस्कार.