डबल्स : मऊ बाऱ्याची गोष्ट

(पहाट. छत्रीखाली लाकडी पेटी. झाकण उघडताच वाफ.)

कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटाचा दिवस डबल्सने सुरू होतो. खाणारे उभ्यानेच खातात, चमच्याशिवाय. दोन मऊ बारे, मध्ये चण्यांची रस्सेदार करी, वर चिंचेची चटणी, काकडी आणि मिरचीचा सॉस. बारा म्हणजे इथे आकडा नव्हे. भोजपुरी घरांतला डाळीचा बरा, म्हणजे आपल्या वड्याचा भाऊबंद, त्याचंच हे मैद्याचं रूप.

३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' हे जहाज पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजुरीसाठी भारतातून आलेली ही पहिली खेप. १९१७ पर्यंत अशी जहाजं येत राहिली. बहुतेक माणसं आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली, म्हणून जिरं इथे आजही 'गीरा' आणि चणे 'चन्ना'च.

डबल्स मात्र इथलेच. १९३६ च्या सुमारास प्रिन्सेस टाउनमध्ये इमामुल दीन आणि त्यांच्या पत्नी रसूलन हे चणे विकत. आधी एकाच बाऱ्यावर चणे मिळत. गिऱ्हाइकं म्हणू लागली, "बारा डबल कर." तेच नाव पडलं, असं सांगतात.

(परातीत पीठ. तेलाचे हात.)

आठ डबल्ससाठी २५० ग्रॅम मैदा घ्या. त्यात अर्धा चमचा हळद, अर्धा चमचा जिरेपूड, एक लहान चमचा इन्स्टंट यीस्ट, चिमूटभर साखर आणि मीठ. कोमट पाणी १९० ते २०० मिलिलिटर. पीठ हाताला चिकटलं पाहिजे. पुरीसारखं घट्ट मळलं की बारा फुगतो, पण गार झाल्यावर दुमडताना तुटतो. बहुतेकांचं इथेच बिनसतं.

झाकून तासभर फुगू द्या. तेलाच्या हाताने सोळा गोळे करा आणि पुन्हा पंधरा मिनिटं ठेवा. लाटणं नको, तळव्यावर थापा. सुकं पीठ लावू नका, ते तेलात जळतं. तेल कडकडीत हवं, एका बाजूला दहा-पंधरा सेकंद पुरे. तांबूस झाला की बारा बिघडला. तेल कोमट असेल तर तो तेल पितो.

काढल्या काढल्या कापड अंथरलेल्या डब्यात एकावर एक रचून झाका. बारा मऊ राहतो तो स्वतःच्याच वाफेवर. उघडा ठेवलात तर चामडं होतं.

(पातेलं.)

२०० ग्रॅम छोले रात्रभर भिजवून बोटाने सहज चुरडतील इतके शिजवा. दोन मोठे चमचे करी पावडर थोड्या पाण्यात कालवून लसूण-कांद्याच्या फोडणीत टाका. ती आटून दाणेदार झाली, कडेला तेल सुटलं, की चणे आणि पाणी. घाई केली तर कच्च्या हळदीचा वास शेवटपर्यंत जात नाही. वीस मिनिटं उकळा, थोडे चणे ठेचा. रस्सा पातळच ठेवा, गार होताना तो आळतो. शेवटी भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि शाडो बेनी. ही लांब, दातेरी पानांची रानटी कोथिंबीर, तिला इथे बंधनियाही म्हणतात. साधी कोथिंबीर वापरायची तर दुपटीने घाला.

करीत तिखट जवळजवळ नसतंच. ते वरून, स्कॉच बॉनेट मिरचीच्या सॉसमधून येतं. म्हणून गाड्यावर आधी ठरवायचं : 'स्लाइट' म्हणजे नावापुरतं. नवख्याने त्यापुढे जाऊ नये.

(तळणीतून निघणाऱ्या हिरव्या चकत्या.)

दक्षिणेला डेबे गावात रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर डबल्सच्या शेजारीच साहिना मिळते. डशीनच्या पानांवर वाटलेल्या डाळीचं सारण लावायचं, गुंडाळी करायची, कापून तळायची. डशीन म्हणजे अळूच. फरक इतकाच, की आपली अळूवडी आधी उकडली जाते. इथे गुंडाळी बहुधा थेट तळतात, म्हणून चकत्या पातळ हव्यात. जाड राहिल्या तर आतलं पान अर्धकच्चं राहून घसा खाजतो. वर चिंचेची किंवा आंब्याची चटणी, आणि पुन्हा तोच प्रश्न : स्लाइट?