आमवाताची मेथोट्रेक्सेट गोळी रोज घ्यायची नसते! आठवड्यातून एकदा म्हणजे एकदाच

नमस्कार मंडळी! माझ्या औषधांच्या दुकानाचं शटर आत्ताच खाली ओढलंय. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजतोय, तो आवाज व्हिडिओत येणारच, तेवढा सांभाळून घ्या.

मागे मी गुडघेदुखीवर बोलले, तर निम्म्या कमेंट बोटांवर आल्या. 'ताई, सकाळी मूठ वळत नाही.' 'ताई, आरए फॅक्टर निगेटिव्ह आहे, मग बोटं का सुजतात?' (आरए फॅक्टर ही आमवातासाठी करतात ती रक्ताची चाचणी.) आणि एकीने विचारलं होतं, 'आईला आमवाताची गोळी सुरू केलीय, किती दिवस घ्यायची?' त्याच्याखाली दुसरीचं उत्तर, 'माझी आई रोज एक घेते, काही होत नाही.' ते वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. तिला मी त्याच रात्री लिहिलं. पण एकीला लिहून भागणार नाही, म्हणून आजचा व्हिडिओ.

आधी झटपट ओळख, कारण हे बऱ्याच जणांना माहीत आहे. आपण कंबर धरली तरी 'वात' म्हणतो, टाच दुखली तरी 'वात'. प्रत्यक्षात सांध्यांच्या या आजारांचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. वयाने आणि वजनाने गुडघे झिजतात, तो एक. गाऊट म्हणजे युरिक ॲसिडचे बारीक स्फटिक सांध्यात साचतात, पायाचा अंगठा एका रात्रीत लालबुंद होतो, चादरीचा स्पर्शही सोसत नाही. तरुण मुलाची कंबर पहाटे आखडते आणि चालल्यावर मोकळी होते, तिथे स्पाँडिलायटिसचा, म्हणजे मणक्याच्या सांध्यांच्या सुजेचा, विचार करायचा. तरुण बाईला सांधेदुखी, गालांवर लाली, केस गळणं, तिथे ल्युपस नावाचा आजार, आणि त्यात मूत्रपिंडं सांभाळायची. लहान मुलाला घसा धरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप आणि एकेक सांधा सुजत गेला, तर तो संधिवाताचा ताप. त्यात सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. ते इंजेक्शन, पेनिसिलिनचं, दर तीन आठवड्यांनी सांगितलं असेल तर एकही चुकवू नका. आणि चिकुनगुनिया आपल्याला सांगायला नको. ताप आठवड्यात जातो, सांधे महिनोन् महिने धरून राहतात.

आता आमवात. डॉक्टर याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असतं. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा त्या अस्तरालाच परकं समजते आणि त्यावर तुटून पडते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू कूर्चा आणि हाड खातं. बायकांना पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त होतो. अंगात काही जनुकं असतात, त्यात विडी-सिगारेटची भर पडली की धोका वाढतो. सोलकढीने होत नाही. पावसात कपडे धुतल्याने होत नाही. पावसाळ्यात दुखणं जास्त जाणवतं असं पुष्कळ जण सांगतात, पण आजार पावसाने दिलेला नसतो.

माझ्या मावशीला कसा कळला ते सांगते. ती सत्तरीची, गाव गोव्यात वाळपईजवळ. चुलतभावाच्या लग्नात चुडा भरायला काकणकार आला होता. काकण चढवायला त्याने मावशीचा हात दोन्ही बाजूंनी दाबून निमुळता केला, बोटांच्या मुळाशी जी उंच हाडं असतात ना, ही, बघा, ती एकमेकांवर दाबली, आणि मावशी किंचाळली. सगळ्यांना वाटलं काच लागली. काच लागली नव्हती. पुढे फार्मसी शिकताना मला कळलं की डॉक्टर आमवात ओळखायला नेमकं हेच करतात: बोटांच्या मुळांची ती रांग दोन्ही बाजूंनी हलकी दाबून बघतात. काकणकाराच्या हातून नकळत तपासणीच झाली होती. आम्हाला त्याचा अर्थ लागला नाही, आणि त्यानंतर दीड वर्ष गेलं.

त्या दीड वर्षातली मावशीची सकाळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. सहाला उठायची. चहाचा कप कानाने धरता यायचा नाही, म्हणून दोन्ही तळव्यांत धरायची. आदोळीवर, म्हणजे नारळ खवायच्या विळीवर, बसायची, पण करवंटी हातात फिरायची नाही, नारळ तसाच ठेवून उठायची. दहा वाजले की बोटं सुटायची आणि मग तीच बाई झरझर दोन नारळ खवून द्यायची. घरातले म्हणायचे, 'आत्ता जमतंय ना, मग सकाळी काय झालं होतं?' हीच तर खूण होती! झिजेच्या दुखण्यात आखडलेपण पाच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात जातं. आमवातात ते तासभर, दोन तास टिकतं. दोन्ही हात सारखे सुजतात, बोटांची मुळं आणि मधली पेरं दुखतात, टोकाची पेरं बहुतेक वाचतात. सहा आठवड्यांहून जास्त असं चाललं असेल तर थांबू नका. रुमॅटॉलॉजिस्ट म्हणजे संधिवाततज्ज्ञ. त्यांना दाखवा, किंवा तुमच्या डॉक्टरांना सांगा की तिकडे चिठ्ठी द्या. सांध्यांचं नुकसान पहिल्या एक-दोन वर्षांतच वेगाने होतं आणि वाकडी झालेली बोटं कुठलीच गोळी सरळ करत नाही.

आरए फॅक्टरवाल्या ताईंसाठी: आमवात असलेल्या दर चार-पाच जणांत एकाचा तरी आरए फॅक्टर निगेटिव्ह येतो. उलट आमवात नसलेल्यांचाही पॉझिटिव्ह येऊ शकतो, वयाने, एखाद्या जुन्या संसर्गाने. अँटी-सीसीपी ही चाचणी जास्त नेमकी आहे. पण दोन्ही कागद हातात घेऊन मला दुकानात 'आमवात आहे की नाही' विचारू नका. तो निकाल हात तपासणारा डॉक्टर देतो, मी देऊ शकत नाही.

आणि आमवात फक्त हातांचा आजार आहे असं धरू नका. डोळे कोरडे पडतात, फुप्फुसांना जाळं धरल्यासारखं होतं, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. 'दुखणं सोसते मी' म्हणणाऱ्या बाईला हे सगळं मुकाट्याने होत असतं.

आता मुद्द्याची गोळी. मेथोट्रेक्सेट. आमवातावर पहिली निवड बहुतेक हीच असते. हिच्यामागे आपलाच माणूस आहे, आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. अमेरिकेत औषधांच्या प्रयोगशाळेत त्यांच्या चमूने १९४० च्या दशकात ही औषधं तयार केली, आधी मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी. आमवातासाठी अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळाली १९८८ साली. मोबाईलवर शोधलं की 'कॅन्सरची गोळी' असं येतं आणि लोक घाबरून बंद करतात. बंद करू नका. कर्करोगाचे डोस वेगळे, कितीतरी मोठे. आमवातात साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, आणि तेही आठवड्याला. आठवड्याला!

मावशीच्या चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा असंच लिहिलं होतं. डॉक्टर घाईत 'ओ-डब्ल्यू' लिहितात, त्याचा अर्थ आठवड्यातून एकदा. 'ओ-डी' म्हणजे रोज एकदा. फरक एका अक्षराचा. कुठल्याशा दुकानात पाकिटावर '१-०-०' लिहून दिलं. मावशीने बीपीच्या गोळीबरोबर रोज सकाळी एक, अशा सात दिवस सात गोळ्या घेतल्या. सहाव्या दिवशी तोंड आलं. आम्ही उष्णतेने आलं म्हणालो आणि तोंडाला लावायचं मलम आणून दिलं. मग पेजही झोंबायला लागली, मिठाशिवायची पेज! ताप आला. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली गेलेल्या. नऊ दिवस इस्पितळात, उताऱ्याची इंजेक्शनं, तोंडात पाण्याचा घोटही धरवत नव्हता. मी तेव्हा फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला होते. परीक्षेत या गोळीवर मी पानभर लिहिलं होतं, आणि माझ्याच मावशीच्या घरी ते पाकीट मी उघडून बघितलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या काउंटरवरून ही गोळी वाराचं नाव लाल शाईने लिहिल्याशिवाय जात नाही.

रोज का नाही? ही गोळी फोलेट नावाच्या जीवनसत्त्वाच्या कामात आडवी येते. ज्या पेशी सतत नव्याने बनतात, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज जिथे रक्त तयार होतं, त्यांना त्याचा फटका पहिल्यांदा बसतो. रक्तातून ती लवकर निघून जाते, पण पेशींच्या आत शिरून तिथे साठून राहते. म्हणूनच आठवड्यातून एकदा पुरते. रोज घेतली तर आधीची जायच्या आत नवी येऊन बसते, साठा चढत जातो. शरीराबाहेर ती मूत्रपिंडांतून जाते, त्यामुळे वयस्क माणसाला, मूत्रपिंड अशक्त असलेल्याला धोका जास्त.

आता घरात काय करायचं ते. हे बघा, कॅमेऱ्याजवळ धरते. ही एक बारीक पिवळी गोळी, ही दुसरी बारीक पिवळी गोळी. एक मेथोट्रेक्सेट, एक तिच्या जोडीला देतात ते फॉलिक ॲसिड, म्हणजे फोलेटच. सांगा बरं कुठली कुठली? चष्म्याशिवाय मलाही सांगता येणार नाही. म्हणून स्ट्रिप कापून सुट्ट्या गोळ्या डबीत टाकू नका. बीपी-शुगरच्या डब्यात ही गोळी ठेवूच नका, वेगळ्या पाकिटात, वेगळ्या जागी. वार ठरवा. मावशीचा शुक्रवार, कारण शुक्रवारी म्हापशाचा बाजार, तो वार आपल्याकडे कुणी विसरत नाही. तुम्हाला सोमवार सोयीचा असेल तर सोमवार. भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिन्याचे सगळे शुक्रवार गोल करा, गोळी घेतली की फुली मारा. फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या वारी. मेथोट्रेक्सेट चुकली तर दोन दिवसांच्या आत घेता येते, त्याहून उशीर झाला तर तो आठवडा सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम कधीच नाही. एका दादांनी लिहिलं होतं, 'दुखणं थांबत नाही म्हणून मी मध्ये एक जास्तीची घेतो.' दादा, ही दुखण्याची गोळी नव्हे. तिचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोपर्यंत दुखण्यासाठी वेगळं औषध डॉक्टर देतात, ते मागून घ्या.

तोंड आलं, ताप आला, अंगावर निळे डाग दिसले, कोरडा खोकला आणि धाप लागली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. रक्ताच्या पेशी, लिव्हर, क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडांचं काम कळतं) सुरुवातीला दोन-चार आठवड्यांनी तपासायचं, पुढे दोन-तीन महिन्यांनी. फेणी-उराक नको, लिव्हरवर दुहेरी भार पडतो. मूल होऊ द्यायचं मनात असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, या गोळीवर असताना दिवस जाता कामा नयेत. आणि लघवीच्या जळजळीवर कोट्रायमॉक्सॅझोल नावाची प्रतिजैविकं देतात, ती हिच्याबरोबर फार धोक्याची. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर पहिलं वाक्य हेच, 'मी मेथोट्रेक्सेटवर आहे.'

या गोळीने भागलं नाही तर पुढे इतर गोळ्या आहेत, बायोलॉजिकल इंजेक्शनं आहेत. ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात, ती टाळू नका, कारण दबून राहिलेला टीबी त्यांनी उठू शकतो.

पुड्यांचं बोलल्याशिवाय मला उठवणार नाही. नाव नाही, घटक नाहीत, साध्या कागदात बांधलेली पूड. 'दोन दिवसांत उतार पडला' असं सांगतात. पडणारच, अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. सहा महिन्यांनी तीच माणसं माझ्याकडे येतात, तोंड गोल सुजलेलं, साखर चढलेली, आणि पूड एकदम सोडली तर उठवत नाही. स्टिरॉइड डॉक्टरही देतात, पण मोजून, ठरावीक दिवस आणि उतरवत. तुम्ही पूड घेत असाल तर लपवू नका, तशीच डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा. तीसुद्धा अचानक बंद करायची नाही.

'नुस्तं बंद करू का?', म्हणजे मासे बंद करू का, हा प्रश्न एका व्हिडिओखाली मी मोजला, सतरा वेळा होता. आमवातासाठी बांगडा, तारले बंद करायची गरज नाही, त्यातलं तेल चांगलंच. गाऊटवाल्यांनी कोळंबी, तिसऱ्या, मटणाची कलेजी आणि बिअर आवरायची. गाऊट वेगळा आजार, त्याचा व्हिडिओ चवथीच्या आधी करते.

मावशीचं राहिलं. चार महिन्यांनी, रक्त जाग्यावर आल्यावर, तिच्या डॉक्टरांनी तीच गोळी अगदी कमी डोसपासून पुन्हा सुरू केली. ती घ्यायला तयार नव्हती, मी शेजारी बसून पहिली दिली. आता सात वर्षं झाली. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली, ती तशीच. पण आदोळीवर ती सकाळी सातला बसते. काकणं एक माप मोठी भरते.

तुमच्या घरी ही गोळी असेल तर हा व्हिडिओ थांबवा, पाकीट काढा आणि त्यावर वार लिहिलाय का बघा. नसेल तर दुकानदाराकडून लिहून घ्या. चिठ्ठीचा फोटो कमेंटमध्ये टाकू नका, नाव-गाव सगळ्यांना दिसतं. आज शुक्रवार आहे, साडेनऊ वाजत आले. मला मावशीला फोन करायचाय.