त्यांची कहाणी विचारू नका

बसा सगळे, मागे उभं राहू नका, पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नाव नोंदवताना लिहिलंय की आपल्या सेंटरवर येणाऱ्या, परदेशातून आश्रय मागायला आलेल्या लोकांच्या कहाण्या आम्हाला ऐकायच्यात, त्यांनी काय सोसलं ते समजून घ्यायचंय. भावना चांगलीच आहे, मी व्हॉलंटियर म्हणून आले तेव्हा माझ्याही मनात हेच होतं. पण मी आज सुरुवातीलाच सांगून टाकते, कहाणी विचारायची नाही. का नाही, ते सांगायलाच मी उभी आहे, बाकीचं सगळं त्याच्या ओघात येईल.

आधी एक फरक लक्षात घ्या, कारण पेपरात आणि टीव्हीवर सगळ्यांना सरसकट निर्वासित म्हणतात. ज्याला सरकारने मान्य केलंय तो निर्वासित. आश्रय मागणारा म्हणजे ज्याने अर्ज केलाय आणि अजून उत्तर आलेलं नाही असा माणूस. 1951 च्या जिनिव्हा करारात निर्वासिताची व्याख्या आहे, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या विशिष्ट सामाजिक गटातलं असणं किंवा राजकीय मत यापैकी कशामुळे तरी आपला छळ होईल अशी ज्याला सबळ भीती आहे आणि जो आपल्या देशाबाहेर आहे तो. मूळ करार फक्त 1 जानेवारी 1951 च्या आधीच्या घटनांपुरता होता, ती मुदत 1967 च्या प्रोटोकॉलने, म्हणजे जोडकराराने, काढली. करारातलं 33 वं कलम सांगतं की जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत ढकलायचं नाही. आता यातली अडचण बघा, भीती सबळ आहे हे सिद्ध कोणी करायचं? मुख्यतः त्या माणसानेच. आणि कशाच्या जोरावर? कागदपत्रं बहुतेकांकडे नसतात, रात्रीतून घर सोडणारा माणूस पुरावे गोळा करत बसत नाही, त्यामुळे हातात उरते ती फक्त त्याची कहाणी. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या आकड्यांनुसार 2024 च्या शेवटी जगात 84 लाख माणसं अशी अर्ज करून उत्तराची वाट बघत होती. म्हणजे 84 लाख माणसं, जी कोणाला तरी आपली कहाणी पटवून देत होती.

ती कहाणी सीमेवरच्या नाक्यावर एकदा सांगायची, मग मोठ्या मुलाखतीत कित्येक तास सांगायची, वकिलाला सांगायची, डॉक्टरला सांगायची, अपील झालं तर परत कोर्टात सांगायची. आणि दर वेळी ती सारखी यायला पाहिजे. पहिल्यांदा तुम्ही तीन शिपाई म्हणालात, आता चार म्हणताय, असं कसं? इथे केस अडते. 2002 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, कोसोवो आणि बोस्नियातून आलेल्या ज्या लोकांना निर्वासित म्हणून आधीच मान्यता मिळाली होती, म्हणजे ज्यांना खोटं बोलायचं काही कारणच उरलं नव्हतं, त्यांना काही काळाच्या अंतराने दोनदा तेच प्रश्न विचारले तर उत्तरांमध्ये फरक पडलाच, आणि बारीकसारीक तपशिलात जास्त पडला. मोठ्या धक्क्याची आठवण अशीच राहते, मधला क्षण लख्ख आणि बाजूचं सगळं धूसर.

त्यात तारखांचा घोळ वेगळाच. अफगाणिस्तानातून आलेल्या माणसाचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, इथिओपियातल्या माणसाचं सप्टेंबरमध्ये, आणि त्याच्या वर्षाचा आकडा आपल्यापेक्षा सात-आठने मागे असतो, महिने तेरा असतात. दुभाष्याने घाईत हिशोब केला आणि एक वर्ष इकडचं तिकडे झालं की कागदावर तो माणूस खोटा ठरतो. ज्यांच्या जन्माची नोंदच नव्हती अशा कितीतरी जणांची जन्मतारीख 1 जानेवारी लावलेली असते. आमच्या भाषेच्या वर्गात एकदा जन्मतारीख सांगायचा सराव चालला होता, तर ओळीने सहा जणांनी 1 जानेवारी म्हटलं. शिकवणारी मुलगी नवीन होती, तिला वाटलं यांना प्रश्नच कळला नाही. शेवटच्या गृहस्थांनी मात्र 1 जानेवारी सांगून झाल्यावर हळूच सांगितलं की आई म्हणायची मी पहिला पाऊस पडला त्या दिवशीचा.

आता माझी स्वतःची चूक सांगते. मी या कामात अगदी नवीन होते, एक बाई यायच्या, माझ्याच वयाच्या, थोडीफार भाषा येत होती त्यांना. दुसऱ्याच भेटीत मी अगदी जवळिकीने विचारलं की तुम्ही इथवर कशा आलात? त्यांनी खुर्ची सरळ केली, हात मांडीवर ठेवले आणि बोलायला लागल्या. चाळीस मिनिटं. एका सुरात, तारखांसकट, गावांच्या नावांसकट, मध्ये कुठे आवाज हलला नाही की काही नाही, आणि त्यांची नजर माझ्या चेहऱ्याकडे नव्हतीच, माझ्या उजव्या हाताकडे होती, मी लिहून घेते की नाही ते बघत होत्या. संपल्यावर त्यांनी विचारलं, "उत्तर किती दिवसांनी येईल?"

त्यांना वाटलं मी अर्जावर निर्णय देणाऱ्या ऑफिसची आहे. मी मैत्रीण व्हायला गेले आणि त्यांच्यासाठी आणखी एक अधिकारी झाले. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्यांना तर नक्कीच लागली नसणार, कारण ते सगळं त्यांना माझ्यापायी परत एकदा काढावं लागलं होतं.

म्हणून कहाणी विचारायची नाही. सगळीकडे त्यांना सिद्ध करावं लागतं, निदान आपल्याकडे तरी काही सिद्ध करावं लागू नये. त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐका, पूर्ण लक्ष देऊन ऐका, मध्ये प्रश्न घालू नका, आणि बाहेर कुठे बोलू नका. फोटोचंही तसंच. कार्यक्रमाचे फोटो आपण सहज फेसबुकवर टाकतो, पण मागे राहिलेल्या भावाला, आईला त्या एका फोटोमुळे त्रास होऊ शकतो. विचारल्याशिवाय फोटो नाही, आणि हो म्हणाले तरी जरा विचार करा, कारण जो तुमच्या मदतीवर अवलंबून आहे तो नाही म्हणायला कचरतो.

मग विचारायचं काय? आज काय काम आहे ते विचारा. खरंच, एवढंच. कोणतं पत्र आलंय, कुठल्या बसने जायचंय, मुलाच्या शाळेने काय मागितलंय.

पत्रांबद्दल जरा सविस्तर बोलते कारण इथे आपला खरा उपयोग आहे. एक गृहस्थ होते, शिक्षक होते पूर्वी, त्यांच्याकडे निळी प्लास्टिकची फाइल होती, कोपरे झिजून पांढरे झालेले. ती कधीच खाली ठेवायचे नाहीत, जेवताना मांडीवर, वर्गात पाठीमागे खुर्चीत दाबून. आत सगळी पत्रं होती, आणि त्यातली चार पाकिटं फोडलेलीच नव्हती. मी आधी चिडले, म्हटलं अहो मुलाखतीची तारीख असेल यात! पण ते काही आळशी नव्हते, त्यांना वाटायचं फोडलं आणि नकार असला तर संपलं, बंद आहे तोवर काहीतरी शिल्लक आहे. मग आम्ही दर मंगळवारी अर्धा तास फक्त पाकिटं फोडायला ठेवला. पाकीट फोडायचं त्यांनीच, मी शेजारी बसायचं, आधी शेवटची तारीख शोधायची, तिच्याखाली रेघ मारायची, मग बाकीचं वाचायचं. त्या चारपैकी एकातही नकार नव्हता, पण एकात डॉक्टरची अपॉइंटमेंट होती ती होऊन गेली होती.

पत्ता बदलला की ऑफिसला आणि वकिलाला लगेच कळवायचं हे डोक्यात पक्कं बसवा, त्यांच्याही आणि आपल्याही. या लोकांना एका जागेहून दुसरीकडे हलवत राहतात, पत्र जुन्या पत्त्यावर जातं, मुलाखत चुकते, आणि कितीतरी देशांत हजर नाही म्हणजे अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. आणि कळवलं याचा पुरावा ठेवा. मात्र सल्ला द्यायचा नाही. केसमध्ये काय लिहावं, काय गाळावं हे आपलं काम नाही, ते वकिलाचं, काही देशांत तर परवान्याशिवाय असा सल्ला देणं गुन्हा आहे. आपण वकिलापर्यंत पोचवायचं आणि वेळेत पोचवायचं.

दुभाषी म्हणून मुलांना वापरू नका. मूल शाळेत जातं, भाषा पटकन उचलतं, सोय होते, पण डॉक्टरसमोर आईच्या जखमेबद्दल दहा वर्षांच्या मुलीने बोलायचं? आणि एकाच देशातली माणसं आहेत म्हणून त्यांना एकत्र बसवायची घाई करू नका. तो ज्यांच्यापासून पळाला, कदाचित त्यांच्याच बाजूचा हा दुसरा असेल. आधी खाजगीत विचारा.

आता वेळेचं. लोक मला म्हणतात, हे दिवसभर करतात काय, काम का करत नाहीत? अहो, बऱ्याच देशांत सुरुवातीला कामाची परवानगीच नसते. ब्रिटनमध्ये बारा महिने उत्तर आलं नाही, आणि उशिरात त्यांची चूक नसेल, तरच परवानगी मागता येते, तीही ठरावीक कामांसाठी. युरोपियन युनियनच्या 2013 च्या नियमात कामासाठी थांबवून ठेवायची कमाल मुदत नऊ महिने होती, 2024 च्या नव्या नियमात सहा केली. म्हणजे हात धडधाकट असलेला माणूस महिनोन् महिने भिंतीकडे बघत बसतो आणि वर त्याला ऐतखाऊ म्हणतात, मला याचा मनापासून राग येतो. म्हणून आपल्या सेंटरवर त्यांच्याकडून मदत मागा. पगाराचं काम नाही, आणि स्वयंसेवा कुठपर्यंत चालते तो नियम आधी बघून घ्या, पण टेबलं लावणं, सायकल दुरुस्त करणं, दुसऱ्याला रस्ता दाखवणं. त्या शिक्षकांना आम्ही मुलांचं गणित घ्याल का म्हणून विचारलं. पहिल्या दिवशी ते एका हातात फाइल धरूनच फळ्यावर लिहीत होते. महिन्याभराने फाइल टेबलावर आली.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात, होकार आला की संकट संपत नाही. ब्रिटनमध्ये कितीतरी वर्षं नियम असा राहिला की होकारानंतर 28 दिवसांत सरकारी निवारा सोडायचा. इतकी वर्षं ज्या पत्राची वाट बघितली ते आलं, आणि महिन्याभरात बँक खातं, नोकरी, घर, डिपॉझिट सगळं उभं करायचं. आपले व्हॉलंटियर नेमके तेव्हाच गळतात, त्यांना वाटतं झालं काम. कॅनडाकडून शिकण्यासारखं आहे इथे. 1979-80 मध्ये तिथे इंडोचायनातून, म्हणजे व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसमधून, साठ हजार लोक आले, निम्म्याहून जास्त लोकांना सरकारने नाही तर साध्या नागरिकांच्या गटांनी, चर्चनी, शेजाऱ्यांनी स्पॉन्सर केलं होतं. ते लोक मान्यता घेऊनच आले होते, म्हणजे प्रकार वेगळा, पण गटाने साधारण वर्षभराची जबाबदारी घ्यायची ही अट होती, आणि मला वाटतं त्यातच सगळं आलं. 1986 मध्ये नानसेन पदक, म्हणजे निर्वासितांसाठी केलेल्या कामाबद्दल संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था देते ते, कॅनडाच्या जनतेला दिलं गेलं, एका अख्ख्या देशाच्या लोकांना.

नकारही येतात, आपल्या ओळखीच्या माणसाला येतात. तेव्हा काही बोलायला सुचत नाही, नका बोलू. अपीलची मुदत कधी कधी मोजक्या दिवसांची असते, त्याच दिवशी वकिलाला फोन लावा, आणि मग शेजारी बसून रहा. "सगळं ठीक होईल" म्हणू नका, ते आपल्या हातात नाहीये आणि हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहितीये.

तर ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी दाराजवळ वही ठेवली आहे. नावापुढे आठवड्यातला एकच वार लिहा, जो वर्षभर जमेल तोच, दोन लिहू नका. मंगळवारी पाकिटांना आम्हाला माणूस कमी आहे. आणि गुरुवारी गणिताला सर येतात, त्यांना खडू संपल्याची तक्रार आहे, तेवढे कोणीतरी घेऊन या.