रुपयातले वीस पैसे

नमस्कार श्रोतेहो.

केंद्राच्या अर्थसंकल्पात एक गोल चित्र असतं: रुपया आला कुठून, गेला कुठे. बाकीचे आकडे डोक्यावरून गेले तरी चालतील, हे चित्र मात्र बघाच. २०२५-२६च्या चित्रात येणाऱ्या रुपयातले २४ पैसे कर्जाचे आहेत. आणि जाणाऱ्यातले २० पैसे? नुसतं व्याज. मुद्दल नव्हे बरं का! संरक्षणाच्या वाट्याला ८ पैसे.

त्या वर्षीच्या अंदाजात वित्तीय तूट, म्हणजे कर्ज सोडून होणाऱ्या उत्पन्नापेक्षा जितका खर्च जास्त तो फरक, जीडीपीच्या (देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या) ४.४ टक्के धरली आहे. त्यातून व्याज वजा केलं की उरते ती प्राथमिक तूट, जेमतेम ०.८ टक्का. म्हणजे यंदाची उधळपट्टी म्हणून आपण ज्यावर बोटं मोडतो, ते बरंचसं मागच्या वर्षांचं देणं आहे.

वित्तीय तूट आवरण्याचा कायदा २००३मध्येच झाला, आणि त्याखालच्या नियमांनी लक्ष्य ठेवलं ३ टक्क्यांचं. २००७-०८मध्ये ती त्याच्याही खाली गेली होती. मग जागतिक मंदी आली आणि दोन वर्षांत आकडा सहाच्या वर चढला. करोनाच्या वर्षी तर नऊच्याही पुढे. त्या वर्षी सरकारने हात आखडता घ्यायला हवा होता, असं मी म्हणणार नाही. लोकांचं रेशन तोडून तूट राखायची तरी कशाला? पण वाईट वर्षात झरझर चढलेली तूट चांगल्या वर्षांत रांगत उतरते. आता सरकारने नजर तुटीवरून एकूण कर्जाकडे वळवली आहे. ते जीडीपीच्या ५६ टक्क्यांच्या आसपास आहे, मार्च २०३१पर्यंत ५०च्या जवळ आणायचं म्हणतात.

आणि सावकार कोण? जागतिक बँक नव्हे हो, बहुतांशी आपणच. तुमची मुदत ठेव, विम्याचा हप्ता, प्रॉव्हिडंट फंड, यांतला मोठा भाग सरकारी रोख्यांत, म्हणजे सरकारने कर्जापोटी दिलेल्या कागदांत, जातो. पूर्वी रिझर्व्ह बँकेकडून हवे तेव्हा हातउसने मिळायचे. ती सोय १९९७मध्ये बंद झाली. आता बाजारात उभं राहून रोख्यांचा लिलाव करावा लागतो, बहुधा शुक्रवारी.

२०२३मध्ये सरकारने पहिल्यांदाच पन्नास वर्षांचा रोखा काढला. दर सहा महिन्यांनी व्याज, आणि मुद्दल २०७३मध्ये. आज पहिलीत बसलेलं पोर तेव्हा पन्नाशी ओलांडून गेलेलं असेल.