ग्रिलमधला भोपळा

श्रोतेहो, नमस्कार.

मला विषय दिलाय ‘शेजाऱ्यांची सामायिक बाग’ आणि वेळ दिली आहे बारा मिनिटं. त्यातली सहा-सात मिनिटं एक लाल भोपळा खाणार आहे, हे आधीच कबूल करते. स्टुडिओच्या काचेपलीकडे बसलेल्या बाईंनी आत्ताच कपाळाला हात लावला.

आमची इमारत पुण्यात, कोथरूडच्या बाजूला. तीन मजले, चोवीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये, मागच्या अंगाला, चाळीस फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी एक पट्टी. कोणी मोरीच्या फरश्या बदलल्या की जुन्या फरश्या तिथे. कोणाचा ओटा नवा झाला की जुना कडप्पा तिथे. एक निळा कमोड तर आठ वर्षं तिथे होता, पावसाळ्यात त्यात बेडकं राहायची.

बाग करू या, असं कोणाच्याच मनात नव्हतं. सुरुवात झाली ती कचऱ्यावरून. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणं आलं. मग आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, वेगळा करतोच आहोत तर ओला इथेच जिरवू. खत झालं. खत झालं तर त्याचं करायचं काय? म्हणून बाग. लोक उलटं करतात. नर्सरीत जातात, शंभर-दीडशेची रोपं आणतात, मुरमात खोचतात आणि महिन्याभरानं ‘आमच्या हाताला गुण नाही’ म्हणून मोकळे होतात. हाताचा काही संबंध नाही हो. आधी माती, मग रोप. पुन्हा सांगते, आधी माती, मग रोप.

आम्ही तीन टेम्पो राडारोडा बाहेर काढला. खाली तरी मुरूमच. मग विटांचे वाफे रचले आणि त्यात वाळका पाला भरला. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर तुमच्यापैकी अनेकांना माहीत असतील, गणिताचे प्राध्यापक, शेतीतले प्रयोग करणाऱ्यांचा ‘प्रयोग परिवार’ उभा करणारे. त्यांच्या परंपरेतलं ते अमृतजल आम्ही केलं. दहा लिटर पाणी, एक लिटर गोमूत्र, एक किलो ताजं शेण, पन्नास ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस, दिवसातून तीनदा ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून पातळ करायचं आणि त्यात पाला भिजवायचा. एवढंच.

आणि पाल्यावरून आठवलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी फिरायला गेलात तर कोपऱ्याकोपऱ्यावर पाला पेटवलेला दिसतो. तो वास आला की माझं डोकंच फिरतं. आपण खताचं पोतं दोनशे रुपयांना आणायचं आणि फुकटचं खत रस्त्यात जाळायचं! पुण्यात अदिती देवधरांनी ‘ब्राउन लीफ’ नावाचा उपक्रम चालवलाय. ज्यांना पाला नकोय आणि ज्यांना तो हवाय, त्यांची गाठ घालून द्यायची. आमची पहिली वीस पोती अशीच मागून आणलेली. तर असो.

आता भोपळा.

पहिल्या मजल्यावर, बरोबर त्या पट्टीच्या वर, एक काका राहतात. बँकेतून निवृत्त. त्यांचं म्हणणं, तिथे पेव्हर ब्लॉक घालावेत आणि दोन गाड्यांची सोय करावी. बागेला त्यांचा विरोध होता, आणि तो लेखी होता. टाइप केलेलं पत्र, तीन प्रती, खाली ‘पोच द्यावी’. पहिलं पत्र डासांवर. दुसरं सापांवर. तिसरं अमृतजलावर, त्यात ‘सदर दुर्गंधीयुक्त द्रव’ असा शब्दप्रयोग होता, तो आमच्याकडे आजही चालतो. चौथं पत्र भिंतीच्या ओलीवर. आणि सांगायला हवं की चौथ्या पत्रात काकांचं शंभर टक्के बरोबर होतं. आम्ही वाफे थेट इमारतीला टेकवून केले होते. पावसाळ्यात तळमजल्याच्या भिंतीला पोपडे आले. मग सगळे वाफे दीड फूट पुढे सरकवले. तुम्ही करणार असाल तर भिंतीपासून दीड फूट सोडा. हे मला कोणी पुस्तकात नाही सांगितलं, काकांच्या पत्रानं सांगितलं.

त्यानंतरच्या जूनमध्ये खताच्या टाकीशेजारी एक वेल आपला आपण उगवला. कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून आलेलं भोपळ्याचं बी. आम्ही मन लावून पेरलेली काकडी मेली, घेवडा गोगलगायींनी खाल्ला, आणि हा न पेरलेला वेल सुटला की ड्रेनेजच्या पाइपवरून वर. पाइपवरून काकांच्या खिडकीकडे. त्यांच्या खिडकीला ग्रिलचा तो बाहेर आलेला पिंजरा आहे ना, कुंड्या ठेवायला करतात तसा, त्याच्यावर वेल चढून बसला. आम्ही पाचव्या पत्राची वाट बघत होतो. पत्र आलं नाही.

गौरी-गणपती झाले. एक दिवस खालून वर बघितलं तर ग्रिलच्या आत, पिंजऱ्यात, लिंबाएवढं फळ. पंधरा दिवसांनी नारळाएवढं. नवरात्र सरता सरता मुलाच्या डोक्याएवढं. आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की दोन गजांमधलं अंतर चार इंच. फळ आत गेलं तेव्हा बोराएवढं असेल. आता ते बाहेर निघणं शक्य नाही. ग्रिल कापा किंवा भोपळा कापा. नाहीतर काकांच्या घरात जाऊन खिडकीतून आत ओढून घ्या.

यावर सोसायटीची सभा झाली. खोटं सांगत नाही, त्या सभेत लिफ्टचा विषय दहा मिनिटांत संपला आणि भोपळ्याला सव्वा तास लागला. मूळ सोसायटीच्या जमिनीत, म्हणून फळ सोसायटीचं. नाही, फळ ज्याच्या ग्रिलमध्ये त्याचं. तिसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले की दोन्ही बाजूंनी बोलता येईल. बी कोणाच्या घरच्या कचऱ्यातून आलं हाही मुद्दा निघाला आणि तीन घरांनी त्यावर हक्क सांगितला. त्यातल्या एका घरी भोपळा कोणी तोंडातसुद्धा घालत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. काका सभेत होते. एक शब्द बोलले नाहीत.

शेवटी ठरलं, पाच जणांनी जायचं आणि विनंती करायची. त्या पाचांत मी. श्रोतेहो, मी त्या इमारतीत एकोणीस वर्षं राहत होते आणि त्या घराचा उंबरा मी काकू गेल्या त्या दिवशी ओलांडला होता, त्यानंतर या भोपळ्यासाठीच. आमच्यापैकी कोणीच नाही गेलं. जिन्यात नमस्कार, दिवाळीला फराळाचं ताट दारातून.

काकांनी दार उघडलं. आतल्या खोलीत नेलं. खिडकीशी गेलो तर काय, भोपळ्याखाली सुतळीची जाळी विणून बांधलेली, वजनानं देठ तुटू नये म्हणून. फळाच्या बुडाला जुन्या बनियनची चुंबळ, गज रुतू नये म्हणून. वकील म्हणाले, “काका, हे कोणी केलं?”

काका म्हणाले, “फळ आपोआप धरलं असं वाटलं का तुम्हाला? मादी फूल आत उमललं होतं. इकडे मधमाशी कुठे येते? सकाळी सहाला नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि फिरवलं आतून. आमची आई परसात करायची, राजापूरला.”

भोपळ्याच्या मादी फुलाच्या देठाशी मणी असतो, तो नर फुलाला नसतो. सकाळी लवकर, फूल ताजं असताना हे करायचं, ऊन चढलं की फूल मिटतं. दुधी, दोडका, भोपळा, तिन्हीला चालतं, फक्त दुधी-दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांचं तेव्हा करायचं. आम्ही तीन महिने ‘फुलं येतात पण गळतात’ म्हणून औषधं विचारत हिंडत होतो, आणि हे ज्ञान आमच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर बसलेलं होतं.

भोपळा निघाला. रद्दीवाल्याच्या ताणकाट्यावर सव्वाचार किलो. कोणीतरी चोवीस घरांत वाटणी काढली, तर वाट्याला येतात पावणेदोनशे ग्रॅम. काका म्हणाले, “यात कोणाचं भागणार? घारगे करा.” आता पहिली सुरी कोणी लावायची? आपल्याकडे अख्खा भोपळा बायका कापत नाहीत, पहिला घाव पुरुषाचा. मी हे असलं काही मानत नाही, घरी बेलाशक कापते. पण त्या दिवशी गप्प बसले. सुरी काकांच्या हातात दिली. एक मोठी चीर पडली आणि खोलीभर तो ओला, काकडीसारखा वास सुटला.

घारगे वहिनींकडे तळले. गुळाचे. साखरेचे घारगे करणाऱ्यांशी माझं फार जमत नाही, हे जाता जाता.

आता राहिलेल्या वेळात कामाचं सांगते. नाहीतर काचेपलीकडून खुणा सुरू होतील.

बाग लावणं सोपं आहे. बाग मे महिन्यात ठरते. हे वाक्य लिहून घ्या हवं तर. बाग मे महिन्यात ठरते. जूनमध्ये सगळ्यांना उत्साह असतो, पाऊस पाणी घालतो आणि फोटो आपले निघतात. मेमध्ये अर्धी इमारत गावाला. आमचा पहिला मे असा गेला की नळाची चावी ज्यांच्याकडे होती ते कोकणात आणि चावी त्यांच्या खिशात. अकरा दिवसांत सगळं वाळून कोळ झालं. ग्रुपवर मात्र रोज ‘सुप्रभात’चे गुलाब येत होते. त्या गुलाबांना पाणी लागत नाही.

दुसऱ्या वर्षी पाळी लावली. एका दिवसाला दोन घरं, एक वरचं, एक खालचं. एक विसरलं तर दुसरं जिन्यात हटकतं. वाफ्यांवर चार बोटं पाल्याचं आच्छादन, त्यानं पाणी बरंच कमी लागतं. भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवून खाली. आणि नळाची चावी काकांकडे, कारण मेमध्ये ते कुठेच जात नाहीत. त्यांनी त्याची वही केली. तारीख, बादल्या, कोणी घातल्या, सही. एका रविवारी मी दोन बादल्या घालून चार लिहिल्या, तर त्यांनी लाल पेनानं दुरुस्त करून ठेवलं.

कीड पडेलच. माव्याला आणि पिठ्या ढेकणाला निंबोळी अर्क, वेळेवर फवारलात तर पुरतो. पीक कोणी किती न्यायचं याचं भांडण होणारच, ते आधीच करून घ्या. आम्ही पालकाची जुडी पाच रुपयांना ठेवतो, पैसे डब्यात, डब्यातून बियाणं. काम केलेल्यालाही पाच आणि न केलेल्यालाही पाच. फुकट ठेवली तेव्हा सकाळी सातच्या आत संपायची, आणि पाणी घालणाऱ्याला काड्या.

जागा नाही म्हणणाऱ्यांसाठी एकच उदाहरण. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनची गच्ची. तिथल्या तेव्हाच्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी या शतकाच्या सुरुवातीला त्या गच्चीवर बाग उभी केली. स्वयंपाकघरातला ओला कचरा वर न्यायचा, तिथेच त्याची माती करायची आणि त्या मातीत भाज्या, फळझाडं. कामगारच माळी. तिथे खाली जमीन नव्हतीच, होता तो रोजचा कचरा. आणि पुण्यातल्या श्रोत्यांसाठी, गांडूळखत, पर्जन्यसंचय, सौरऊर्जा असलं काही केलंत तर महापालिका मिळकतकरात सवलत देते. सोसायटीच्या सभेत हे आधी सांगा, पर्यावरण मागाहून.

शोभेच्या झाडांबद्दलही बोलायचं होतं, ते राहिलं. पण एक गोष्ट सांगून थांबते.

गेल्या महिन्यात समितीकडे पाचवं पत्र आलं. टाइप केलेलं, तीन प्रती. विषय: लाल भोपळा. ‘मागील फळाचे बी अधोस्वाक्षरीकर्त्याने राखेत जपून ठेवले आहे. सदर बी यंदा ड्रेनेजच्या पाइपापासून दोन फुटांच्या आत लावण्यात यावे, जेणेकरून वेल पहिल्या मजल्याच्या ग्रिलपर्यंत विनासायास पोहोचेल. पोच द्यावी.’

पोच दिली आहे. नमस्कार.