हिप्परग्याच्या काठावरचा एक दिवस

श्रोतेहो, नमस्कार. थंडीत पक्षी पाहायला जायचे म्हटले की सोलापूरकरांच्या तोंडी पहिले नाव येते ते उजनीचे आणि तिथल्या रोहित पक्ष्यांचे. मला मात्र तुळजापूर रस्त्यावरचा, शहराला लागूनच असलेला हिप्परगा तलाव अधिक जवळचा वाटतो. आदिला नदी अडवून १८७१ साली पुरा झालेला हा एकरूख तलाव हिवाळ्यात हळूहळू ओसरू लागतो, काठचा चिखल उघडा पडतो आणि त्या उथळ पाण्यात पाहुण्या पक्ष्यांच्या पोटापाण्याची सोय होते.

गेल्या पौषात आम्ही उजाडण्यापूर्वीच काठावर जाऊन बसलो होतो. रात्रभर रानात चरलेले पट्टकदंब पहाटे पाण्यावर परततात. डोक्याच्या मागे दोन काळे पट्टे असलेले हे हंस मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात. त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायूही सहज धरून ठेवते. एवढा प्रवास करून आलेल्या पक्ष्यांना जवळून छायाचित्र मिळावे म्हणून पुन्हा पुन्हा उडवणे मला फार क्लेशदायक वाटते, कारण प्रत्येक उड्डाणात त्यांनी खाऊन साठवलेली शक्ती खर्च होते.

जवळच थापट्या बदके पाण्यात चोच बुडवून गोल गोल फिरत होती. पळीसारख्या रुंद चोचीच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात; त्यांतून पाणी बाहेर पडते आणि सूक्ष्म जीव आत राहतात. त्यांच्याकडे पाहता पाहता तासभर कसा गेला, ते कळले नाही.

दुपारनंतर आम्ही ज्वारीच्या रानाकडे वळलो. कणसांत दाणे भरू लागले की भोरड्यांचे थवेच्या थवे उतरतात. खरे तर या भोरड्या टोळ आणि नाकतोडेही खातात, पण हुरड्याच्या दिवसांत शेतकऱ्याला ते सांगून पटणार कसे? बांधावर गोफण घेऊन राखण करणाऱ्या एका आजोबांच्या हाती मी दुर्बीण दिली. बोरीवर बसलेल्या भोरड्यांकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, “आवं, ही तर गुलाबी हायेत की! इतकी वर्सं हाकलली, पन मला काळीच दिसायची.” गोफण बांधावर ठेवून ते पुन्हा दुर्बिणीतून पाहू लागले.